दोन बिल्ले

मनोरमाबाईंनी पत्र दोनदा वाचलं, त्याची नीट घडी घातली आणि कोकमाच्या सोलांनी भरलेल्या सुपाखाली ठेवून दिलं. मग पदर खोचून त्या पुन्हा खाली बसल्या आणि चटईवर सोलं पसरू लागल्या. कमांडर लिमये पांढऱ्याशुभ्र गणवेशात त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभे होते. खुर्ची दिलेली होती, पण बाई खाली बसलेल्या असताना आपण वर बसावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. मी त्यांच्या मागे, फाटकाशी.

"मी येणार नाही," बाई म्हणाल्या.

लिमयेसाहेबांना वाटलं, प्रवासाची अडचण असेल. गाडी दारात येईल, मुंबईत राहायची सोय आहे, सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा, असं त्यांनी भराभर सांगून टाकलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची आणि मग एका दमात निकाल लावायची त्यांना सवय होती.

"साहेब, तुमचे कागद म्हणतात की माझा भाऊ स्वतः होऊन मरायला खाली राहिला. घरी म्हातारी आई होती. ती पुढं अकरा वर्षं जगली आणि रोज मला एकच विचारत राहिली, मुकूला माझी आठवण कशी झाली नाही? मला उत्तर देता आलं नाही. जो आपल्या पायाने मरणाकडे गेला, त्याच्या नावाचा नारळ मी कुठल्या तोंडाने फोडू?"

साहेबांनी टोपी काखेतून काढून पुन्हा काखेत घातली. बाईंनी आम्हाला कोकमाचं सरबत दिलं, ते आम्ही प्यालो आणि निघालो.

या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. तेव्हा मी मुंबईच्या एका गोदीत इंजिन बसवणाऱ्या टोळीचा फोरमन होतो. त्याआधी पंधरा वर्षं नौदलात काढली होती, बॉयलर रूममध्ये, घामाने आणि तेलाने थबथबून. आमच्या गोदीत एक फ्रिगेट तयार होत होती. लढाऊ बोटींना आपल्याकडे माणसांची नावं सहसा ठेवत नाहीत, पण या बोटीला ठेवायचं ठरलं होतं. लेफ्टनंट मुकुंद पराडकर यांचं. बोट पाण्यात सोडताना बाईमाणसाने तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा आणि नाव उच्चारायचं, असा रिवाज. पराडकरसाहेबांनी लग्न केलं नव्हतं. मागे राहिलेली एकच मोठी बहीण, वेंगुर्ल्याजवळच्या उभादांड्याला. बारशाला आत्या लागते म्हणतात, तशी ही आत्याच झाली, असं लिमयेसाहेब येताना जीपमध्ये हसत म्हणाले होते. परतताना हसले नाहीत.

"तारी," ते मला म्हणाले, "त्या आल्या नाहीत तर कुणातरी मोठ्या माणसाच्या बायकोच्या हातून नारळ फोडून घेऊ, त्याला काही नाही. पण मला ते बरं वाटणार नाही. तुम्ही इकडचेच. शेवटी पराडकरांबरोबर तुम्हीच होता. उद्या सकाळी एकटे जाऊन बघा."

मला त्यांनी बरोबर आणलं होतं ते एवढ्याचसाठी. मी आचऱ्याचा, म्हणजे त्याच किनाऱ्यावरचा, आणि पराडकरसाहेबांच्या बॉयलर रूममधला. बाई यायला तयार व्हाव्यात म्हणून नेमकं काय सांगायला हवं, ते जगात मला एकट्याला ठाऊक होतं. आणि ते सांगितलं असतं, तर मला कुठे तोंड दाखवायला जागा उरली नसती. एकोणीस वर्षं मी ते पोटात ठेवलं होतं. त्या रात्री वेंगुर्ल्याच्या डाकबंगल्यात मला काही झोप आली नाही.

काय झालं होतं, ते आधी कागदोपत्री आहे तसं सांगतो.

आमची जुनी बोट वाफेवर चालणारी. बॉयलर रूम अगदी पोटात, खाली उतरायला उभी लोखंडी शिडी, आणि वर जाड झाकणाचं तोंड. त्या तोंडापाशी एक लाकडी फळी होती. तिला आम्ही बोर्ड म्हणायचो. बोर्डावर आकडे. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला आकड्याला लावायचा आणि वर आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. नियम एवढाच. खाली आग लागली आणि आटोक्यात येईना, तर झाकण बंद करून आत गॅस सोडत. तो गॅस आग विझवतो, आणि आत माणूस असेल तर त्यालाही. म्हणून गॅस सोडण्याआधी इंजिन विभागाचा चीफ बोर्डाकडे बघणार. बोर्ड रिकामा, तर खोली रिकामी.

त्या दिवशी गरम पाइपवर तेल उडालं आणि भडका झाला. खाली आम्ही सहा जण आणि पराडकरसाहेब. साहेबांनी सगळ्यांना वर पिटाळलं. सगळे वर आले. बोर्ड रिकामा होता. झाकण लावलं, गॅस सोडला. अर्ध्या तासाने माणसं मोजली तेव्हा साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी खाली उतरलो तर साहेब शिडीच्या पायथ्याशी, आणि तेलाचा मुख्य व्हॉल्व्ह घट्ट बंद केलेला. तो उघडा राहता तर आग शेजारच्या दारूगोळ्यापर्यंत पोचली असती आणि दोनशे माणसांसकट बोट गेली असती.

मग चौकशीवाल्यांनी विचार केला. साहेबांचा बिल्ला बोर्डावर नव्हता. म्हणजे त्यांनी तो आधीच काढून ठेवला असणार, आपल्यासाठी गॅस सोडायला कुणी थांबू नये म्हणून. असा निष्कर्ष निघाला. बिल्ला सापडला नाही, तो आगीत गेला असेल, असं लिहिलं गेलं. साहेबांना मरणोत्तर पदक मिळालं. पदकाबरोबर जे वाचून दाखवलं, त्यात 'स्वेच्छेने' हा शब्द होता. त्या शब्दाने उभादांड्याच्या म्हातारीला अकरा वर्षं खाल्लं.

सकाळी मी गेलो तेव्हा बाई पुन्हा खळ्यातच होत्या. उन्ह अजून कोवळं होतं. त्यांनी मला ओळखलं आणि या वेळी शाळेतल्या भाषेत बोलल्या नाहीत.

"तू खंयचो?"

"आचऱ्याचो, बाय. तारी."

"सायबान धाडल्यान तुका?"

"धाडल्यान. पण मी सांगतलंय ता सायबाक ठावक नाय."

मी पँटच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि त्यांच्या समोर चटईच्या कडेला उघडून ठेवली. आत पितळेचा बिल्ला होता. त्यावर पराडकरसाहेबांचा नंबर. हात लागून लागून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

मग मी सांगितलं. सगळ्यांत शेवटी शिडीपाशी आम्ही दोघं होतो. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, तू हो पुढं, मी आलोच. ते व्हॉल्व्ह बंद करायला वळले. जेमतेम दोन मिनिटांचं काम. मी धुरात चाचपडत वर आलो. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. हात सवयीने बोर्डाकडे गेला आणि दोन बिल्ले घेऊन आला. एक माझा, एक साहेबांचा. दोन वर्षं मी रोज तसंच करत होतो. चीफने बोर्ड पाहिला. बोर्ड रिकामा होता. मी तिकडे डेकवर आडवा पडून ओकत होतो. मूठ उघडली तेव्हा गॅस सुटला होता.

सोलं पसरणारे बाईंचे हात कधीच थांबले होते. बोटं कोकमाने लाल झाली होती.

"मगे बोंब कित्याक नाय मारलंस?"

"भियालंय."

याहून खरं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. झाकण उघडलं असतं तर आग वर आली असती, कुणी उघडूच दिलं नसतं, एव्हाना उशीर झाला होता, हे सगळं मी एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. त्यातलं बरंचसं खरंही असेल. बाईंना मात्र ते सांगायला जीभ वळली नाही.

बाई बिल्ल्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हाकलून देतील. दिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"तेणां दार वाजवल्यान?"

"नाय," मी म्हणालो. "त्या गॅसात माणूस झोपल्यासारखो जाता, बाय. तेका काय कळाकच नाय."

त्यांनी डोळे मिटले.

"म्हंजे तो येवक निघालो होतो," त्या म्हणाल्या.

"होय."

"आमका सोडून नाय गेलो. येवक निघालो होतो."

आणि मग त्या रडल्या. लाल हात तसेच मांडीवर ठेवून, पदराला न लावता, पोर रडतं तशा रडल्या. एकोणीस वर्षांचं ते रडणं होतं. मी फाटकाकडे तोंड करून उभा राहिलो. मला स्वतःची शरम वाटत होती आणि, खोटं कशाला बोलू, थोडं हलकंही वाटत होतं. माझ्या पापाचा कुणाला काही उपयोग होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

रडून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि मला ओट्यावर बसवून चहा दिला.

"तेचो बिल्लो तू कित्याक काढी होतंस?"

"सवय," मी म्हणालो.

गृहपाठ घरी विसरल्याचं सांगणाऱ्या पोराकडे बघत असतील तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तेणांच सांगितल्यान मां तुका?"

मी कप खाली ठेवला. ते खरं होतं. बोटीवर आल्या आल्या साहेब एकदा बिल्ला बोर्डावरच विसरून आपल्या केबिनमध्ये जाऊन झोपले होते. ते खालीच राहिले असं समजून सगळ्या बोटीवर धावपळ झाली आणि कप्तानाने त्यांना चारचौघांत झापलं. त्या दिवसापासून त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, तारी, एवढी माझी वस्तू तू सांभाळ. पण मेलेल्या माणसावर ढकलून आपण मोकळं व्हायचं, हे मला जमत नव्हतं. चौकशीत नाही, आणि इथेही नाही.

माझ्या गप्प बसण्यातूनच त्यांना काय ते समजलं.

"शाळेतसून येताना तेची पाटी, टोपी, छत्री, सगळा माझ्या हातात," त्या हळू म्हणाल्या. "आमची आवस माका म्हणा, तेका तेचा उचलूक शिकव. मी नाय शिकवलंय. माका बरा वाटा, तेचा सगळा माझ्या हातात आसला म्हंजे."

चहा निवून गेला. कोंबडी येऊन सोलांत चोच मारून गेली, तरी त्यांनी तिला हाकललं नाही. मग त्यांनी विचारलं की तेलाची चावी बंद केली ते तरी खरं ना. खरं, मी म्हणालो, बोट वाचली ती त्यांच्यामुळेच. मग नाव राहू दे, त्या म्हणाल्या, आणि हे तू आणखी कुणाला सांगू नकोस. बिल्ला मात्र त्यांनी मागून घेतला. नव्या बोटीच्या बोर्डावर तो लावायचा, पहिल्या आकड्याला.

"सायबाक सांग. मी येतलंय."

लिमयेसाहेब एवढे खूश झाले की वेंगुर्ल्याच्या बाजारात त्यांनी मला काजू घेऊन दिले. कशी काय तयार केलीत, असं त्यांनी तीनदा विचारलं. गावचं माणूस गावच्या माणसाचं ऐकतं, असं काहीतरी मी सांगितलं.

पंधरा दिवसांनी, भरतीची वेळ साधून, सकाळी साडेदहाला बोट सोडायची होती. धक्क्यावर मांडव, बँड, अधिकाऱ्यांच्या रांगा. बोट उतरत्या धक्क्यावर उभी, खालून लाकडांच्या ठोकळ्यांनी अडवलेली. ते ठोकळे काढणाऱ्यांत मी होतो, अगदी नाळेच्या खाली. वर, माझ्या डोक्याच्या दोन पुरुष उंचीवर, फळ्यांचा मंच बांधला होता. मनोरमाबाई नऊवारी इरकली नेसून आल्या होत्या. आदल्या दिवशी मला भेटल्या तेव्हा पर्स उघडून बिल्ला दाखवला होता. नारळ फुटला की लिमयेसाहेबांच्या हातात द्यायचा, असं ठरवून आल्या होत्या. चेहऱ्यावर मी उभादांड्याला पाहिलेलं ओझं उरलं नव्हतं.

भाषणं झाली. बँड थांबला. बाईंनी नाव घेतलं, स्वच्छ, शाळेत हजेरी घेतात तसं. लेफ्टनंट मुकुंद पराडकर. आणि त्यांनी नारळ नाळेवर मारला.

नारळ फुटला नाही. पोकळ पोलादावर ठण्ण असा आवाज झाला आणि तो बोटीच्या रिकाम्या पोटातून फिरून माझ्यापर्यंत आला.

मांडवात थोडी कुजबूज झाली. बाईंनी पुन्हा मारला. ठण्ण.

माझ्या हातातला हातोडा खाली पडला. मी दोन्ही कान घट्ट दाबून धरले आणि तिथेच उकिडवा बसलो. पण पोलादाचा आवाज कानांनीच ऐकू येतो असं नाही, तो पायांतून वर चढतो. तिसऱ्यांदा ठण्ण झालं, नारळ फुटला आणि त्याचं पाणी नाळेवरून ओघळत खाली आलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या अंगावर ओरडलं, माझ्या वाटणीचा ठोकळा दुसऱ्याने काढला. बोट किंचित थरथरली आणि आधी हळू, मग वेगाने पाण्यात गेली. मी मान वर केली तेव्हा सगळे बोटीकडे बघत होते. मनोरमाबाई मंचाच्या कठड्यावरून खाली, माझ्याकडे बघत होत्या. माझे हात अजून कानांवर होते.

मांडवात चहापान चाललं होतं तेव्हा मी गोदामाच्या सावलीत एका ओंडक्यावर बसलो होतो. बाई मला शोधत तिथे आल्या. एका हातात खोबऱ्याचा तुकडा. त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"कितीदा?" त्यांनी विचारलं.

काय, असं मी विचारलं नाही. तेवढी लाज माझ्यात शिल्लक होती.

"तीनदा," मी म्हणालो. "मूठ उघडलंय, आणि मगे."

म्हणजे मला ठाऊक असताना. दोन बिल्ले उघड्या तळहातावर, मी झाकणापासून चार पावलांवर, आणि खालून शिडीच्या टोकावर पान्याचे ठोके. एक. दोन. तिसरा जरा हलका. चीफने विचारलंही, कसला आवाज? पाइप तापलेत, मी म्हणालो. माझ्याच तोंडाने म्हणालो. तेव्हा झाकण उघडून काही उपयोग झाला असता की नाही, ते आजही मला सांगता येणार नाही. पण विचारलं मलाच होतं, आणि उत्तर मीच दिलं.

हे बाईंना मी सांगितलं नाही. सांगायची गरज उरली नव्हती. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा पहिल्यासारखा झाला, सुपाखाली पत्र सरकवताना होता तसा. मी त्यांना भाऊ परत दिला होता तो पंधरा दिवसांपुरता. आता तो त्यांच्यासाठी शिडीच्या टोकाशी उभा होता, दार वाजवत.

त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, प्रसादाला कुणाला नाही म्हणायचं नसतं म्हणून असेल. मग पर्स उघडली आणि बिल्ला काढला.

"ह्यो बोटीत लावूचो नाय," त्या म्हणाल्या. "ह्यो तुझ्याकडेच ठेव."

आणि त्या गेल्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही. लिमयेसाहेबांना त्यांनी काही सांगितलं नसावं, कारण पुढे ते निवृत्त होईपर्यंत मला दिवाळीचं पत्र पाठवत राहिले.

बोटीने चांगली चाकरी केली. सत्तावीस वर्षं समुद्रात होती, आणि गेल्या वर्षी मोडीत निघाल्याचं पेपरात आलं. तिचा फोटो मी कापून ठेवलेला नाही. बिल्ला मात्र आचऱ्याच्या घरी, बाहेरच्या दाराशी खिळ्याला टांगलेला आहे. सणासुदीला सून पितळी भांडी घासायला काढते तेव्हा विचारते, हाही घासू का? मी नको म्हणतो. घराबाहेर पडताना माझा हात अजून आपसूक त्या खिळ्याकडे जातो आणि अर्ध्यावर थांबतो. मी तो काढत नाही. ज्याचा आहे तो अजून वर आलेला नाही.